चार बाय तीन : थंड लाटांवरच्या पोशाखातील एका मिलिमीटरचा इतिहास

आजचा धागा अपूर्णांकासारख्या दिसणाऱ्या एका आकड्याविषयी आहे : ४/३. थंड समुद्रात सर्फिंग करणाऱ्यांच्या वेटसूटवर असे आकडे छापलेले असतात. कुठे ३/२, कुठे ५/४, तर कुठे ६/५/४. पहिला आकडा धडावरच्या रबराची जाडी मिलिमीटरमध्ये सांगतो, दुसरा हातापायांवरच्या रबराची. तीन आकडे असतील तर बहुधा धड, पाय आणि हात असा उतरता क्रम असतो.

पहिल्यांदा वेटसूट घेणारा मनुष्य हमखास विचारतो : धडाला चार आणि हाताला तीन का? थंडी वाजते तर सगळीकडे सहा का नको? प्रश्न रास्त आहे. त्याच्या उत्तरात हवाईचे राजपुत्र येतात, अणुबॉम्बच्या प्रकल्पातला एक भौतिकशास्त्रज्ञ येतो, अमेरिकी नौदलाची एक शंका येते आणि शेवटी लुईझियाना राज्यातले एक छोटे गाव येते.

प्रारंभ १८८५ पासून करू. सॅन फ्रान्सिस्कोच्या दक्षिणेस सांताक्रूझ नावाचे गाव आहे. त्या वर्षीच्या जुलै महिन्यात हवाईच्या राजघराण्यातील तीन तरुण भाऊ, डेव्हिड कवानानाकोआ, एडवर्ड केलिइआहोनुई आणि जोना कूहिओ, तेथील सॅन लोरेंझो नदीच्या मुखाशी रेडवुडच्या लाकडाच्या जाडजूड फळ्या घेऊन समुद्रात उतरले. ते कॅलिफोर्नियात शिकायला आले होते. अमेरिकेच्या मुख्य भूमीवर सर्फिंग झाल्याची ही सर्वांत जुनी ज्ञात नोंद मानली जाते. पुढे १८९० मध्ये याच भावांपैकी दोघांनी इंग्लंडमधील ब्रिडलिंग्टन येथे उत्तर समुद्राच्या लाटांवरही फळ्या चालवल्या.

या प्रसंगाकडे आपण सहसा कौतुकाने पाहतो. मला त्यातली दुसरी बाजू अधिक महत्त्वाची वाटते. सर्फिंग ही उबदार पाण्याची कला आहे. हवाईचा समुद्र बाराही महिने साधारण २४ ते २७ अंश सेल्सिअसवर असतो. आपल्या कोकणकिनाऱ्याचे पाणीही बहुतेक काळ असेच उबदार. कॅलिफोर्नियाच्या उत्तर भागात मात्र उत्तरेकडून थंड प्रवाह खाली येतो. शिवाय वसंत-ग्रीष्मात वायव्येचे वारे किनाऱ्यालगतचे वरचे पाणी समुद्रात ढकलतात आणि त्याच्या जागी खोलवरचे गार पाणी वर येते. म्हणून ऐन उन्हाळ्यातही सॅन फ्रान्सिस्कोच्या किनाऱ्यावर पाणी ११ ते १४ अंशांच्या घरात राहते. उष्ण प्रदेशातला खेळ थंड प्रदेशात गेला, पण त्याच्यासोबत पोशाख गेला नाही. कारण त्याच्या मायभूमीत पोशाखाची गरजच नव्हती.

पुढील सुमारे सत्तर वर्षे या किनाऱ्यावर थंडीवरचा उपाय एकच होता : सोसणे. लोक लोकरीचे जुने स्वेटर घालून पाण्यात शिरत. काही वेळात बाहेर येत आणि वाळूत पेटवलेल्या शेकोटीभोवती कुडकुडत बसत. लोकर भिजली की तिच्या धाग्यांमधली हवा निघून जाते, तिच्या जागी पाणी येते, आणि मग उरते ते फक्त स्वेटराचे ओझे.

येथे थोडे थांबून थंड पाणी शरीराचे काय करते ते पाहिले पाहिजे, कारण पुढची सारी गोष्ट त्यावर उभी आहे. समज असा की थंड पाण्यात मनुष्य हळूहळू गारठून मरतो. प्रत्यक्षात अनेक जण गारठण्याच्या कितीतरी आधी बुडतात. कॅनडातील मॅनिटोबा विद्यापीठाचे संशोधक गॉर्डन गीसब्रेक्ट यांनी गोठणबिंदूजवळच्या पाण्यासाठी एक ढोबळ सूत्र रूढ केले : एक, दहा, एक. पहिले मिनिट श्वास आवरण्याचे. गार पाण्याच्या धक्क्याने आपोआप धाप लागते आणि त्या क्षणी तोंड पाण्याखाली असेल तर घात होतो. पुढची दहा मिनिटे हातपाय उपयोगी पडतील अशी. आणि शुद्ध हरपायला साधारण एक तास.

यातला मधला आकडा सर्फिंग करणाऱ्याच्या जिवाचा आहे. हातांचे स्नायू आणि मज्जातंतू त्वचेच्या जवळ असतात. ते धडाच्या कितीतरी आधी थंड पडतात. बोटे जुळेनाशी होतात, हात वल्ह्यासारखा ओढता येत नाही. आणि फळीवर पालथे पडून किनाऱ्याकडे परतायचे तर हात हेच इंजिन. म्हणजे ज्या अवयवाला ऊब सर्वाधिक हवी, त्यालाच मोकळीकही सर्वाधिक हवी. ४/३ या आकड्यातला झगडा हाच.

आता त्या भौतिकशास्त्रज्ञाकडे वळू. ह्यू ब्रॅडनर, जन्म १९१५. दुसऱ्या महायुद्धात ते लॉस अलामोस येथे मॅनहॅटन प्रकल्पात होते, युद्धानंतर कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील शाखेत आले. पाण्याखाली पोहण्याची त्यांना आवड होती. त्या काळी नौदलाच्या पाणबुड्यांच्या साधनसामग्रीवर विचार करण्यासाठी शास्त्रज्ञांचे एक मंडळ काम करीत होते. ब्रॅडनर त्याच्याशी जोडले गेले आणि पाणबुड्याला थंडीपासून वाचवायचे कसे, हा प्रश्न त्यांच्यापुढे आला.

तोवरचे सगळे पोशाख एका गृहीतावर शिवलेले होते : अंग कोरडे राहिले तरच उबदार राहील. म्हणून पातळ रबराचा जलरोधक अंगरखा आणि त्याच्या आत लोकरीचे कपडे. हा ‘ड्रायसूट’. त्याचा दोष असा की कुठे लहानसे छिद्र पडले की पाणी आत, लोकर भिजलेली आणि पोशाख निरुपयोगी. ब्रॅडनर यांनी ते गृहीतच मोडले. जून १९५१ मधील एका पत्रात ही कल्पना आढळते : अंग कोरडे असण्याची गरज नाही. उष्णता अडवण्याचे काम पोशाखाच्या कापडातच कोंडलेल्या हवेने केले, तर आत पाणी शिरले तरी बिघडत नाही.

किती साधी कल्पना! पण ती सुचायला उष्णतावहनाचे भान हवे होते. पाणी हवेच्या सुमारे २४ पट वेगाने उष्णता वाहून नेते. ती हवा हजारो सुट्या, बंद बुडबुड्यांत कोंडली तर एखादा बुडबुडा फुटला तरी बाकीचे शाबूत राहतात. एक भोक पडल्याने पोशाख बाद होत नाही.

असा पदार्थ कुठून आणायचा? स्क्रिप्स सागरविज्ञान संस्थेतील विलर्ड बॅस्कम यांनी निओप्रीनचा फेस सुचवला. निओप्रीन हे कृत्रिम रबर १९३० मध्ये ड्यूपाँ कंपनीत, वॉलेस कॅरोदर्स यांच्या गटातील आर्नल्ड कॉलिन्स यांनी प्रथम तयार केले. पुढे नायलॉन ज्यांच्या नावावर जमा झाले, तेच हे कॅरोदर्स. तेलाने न कुजणारे, उन्हापावसात टिकणारे रबर म्हणून निओप्रीनचे नाव होते. वितळवून त्यात वायूचे बुडबुडे धरून ठेवले की मऊ, लवचीक, उष्णता अडवणारी चादर तयार होते.

येथे एक दृढ गैरसमज दूर केला पाहिजे. ‘वेटसूटच्या आत पाण्याचा पातळ थर शिरतो, शरीर तो तापवते आणि तो थर आपल्याला ऊब देतो’ हे वाक्य आजही पोहण्याच्या वर्गांत आणि दुकानांत ऐकू येते. हा थर ऊब देत नाही. तो तापवायला आपलीच उष्णता खर्च होते. ऊब टिकवतात ते रबरातले बुडबुडे. आतले पाणी जितके कमी आणि जितके स्थिर, तितके बरे. या एका मुद्द्याची गल्लत झाली की जाडी निवडतानाचा सगळा हिशेब चुकतो, कारण मग लोक सैल पोशाख घेतात आणि प्रत्येक लाटेबरोबर पाठीवरून गार पाण्याचा लोंढा वाहू देतात. सैल पाच मिलिमीटरपेक्षा अंगाला घट्ट बसलेले चार मिलिमीटर केव्हाही अधिक गरम.

ब्रॅडनर यांनी पोशाख बनवला, काही सहकाऱ्यांसह विकूनही पाहिला. नौदल मात्र बिचकले. शंका अशी होती की रबरातले वायूचे बुडबुडे शत्रूच्या सोनारला पाणबुड्याचा ठावठिकाणा देतील. ज्या गुणामुळे पोशाख ऊब देत होता, नेमका तोच गुण नौदलाच्या डोळ्यांत खुपला. शोध लष्करासाठी लागला आणि लष्कराच्या नकारामुळे तो समुद्रावर मौज करणाऱ्यांच्या हाती पडला, असे म्हटले तर फारसे वावगे होणार नाही. ब्रॅडनर यांच्या पदरी ना पेटंट पडले ना पैसा. ते पुढे भूभौतिकी आणि न्यूट्रिनोंच्या संशोधनात रमले आणि २००८ मध्ये वारले.

मग जगाला माहीत असलेले नाव जॅक ओ’नील यांचे कसे? १९५२ मध्ये त्यांनी सॅन फ्रान्सिस्कोच्या ओशन बीचजवळ एका गॅरेजमध्ये ‘सर्फ शॉप’ उघडले. थंडीमुळे त्यांचे गिऱ्हाईक पाण्यात फार वेळ टिकत नसे, आणि जे टिकत नाही ते फळ्याही विकत घेत नाही! ओ’नील यांनी आधी प्लॅस्टिकचा फेस वापरून बंड्या करून पाहिल्या, नंतर ते निओप्रीनकडे वळले. ते त्यांना कुठे गवसले याच्या कथा एकाहून अधिक आहेत. प्रवासी विमानाच्या मधल्या वाटेवरच्या गालिच्याखाली, ही सर्वांत लोकप्रिय. औषधविक्रेत्या मित्राने दाखवले, ही दुसरी आणि अधिक साधी. १९५९ मध्ये त्यांनी दुकान सांताक्रूझला हलवले, म्हणजे योगायोगाने राजपुत्रांच्याच गावी. व्यापारी प्रदर्शनांत ते आपल्या लहान मुलांना वेटसूट घालून बर्फाच्या पाण्यात बसवीत आणि लोक थबकून पाहत राहत. जाहिरात कशी करावी हे त्यांना उत्तम कळत होते.

त्याच सुमारास दक्षिण कॅलिफोर्नियातील रिडॉन्डो बीच येथे ‘डाइव्ह एन सर्फ’ या दुकानात बेव्ह मॉर्गन आणि नंतर बिल व बॉब माइस्ट्रेल हे जुळे भाऊ पाणबुड्यांसाठी असेच पोशाख शिवत होते. माइस्ट्रेल बंधूंनी आपल्या मालाला आधी ‘थर्मोक्लाइन’ असे भारदस्त नाव दिले होते. ते कुणाच्या तोंडी बसेना. १९६५ पासून ‘बॉडी ग्लव्ह’ झाले आणि चालले.

पहिला कोण, यावर तिन्ही बाजूंनी पुढे दावे-प्रतिदावे झाले. १९९८ मध्ये कॅरोलिन रेनी यांनी स्क्रिप्सच्या अभिलेखागारासाठी कागदपत्रे तपासली आणि शोधाचे श्रेय ब्रॅडनर यांना दिले. कागदांच्या आधारे मलाही तेच पटते. तथापि ओ’नील यांचे काम दुय्यम ठरत नाही. ब्रॅडनर यांनी पाण्याखाली पोहणाऱ्याचा प्रश्न सोडवला. फळीवरच्या माणसाचा प्रश्न वेगळा होता.

तो वेगळा कसा, ते पाहा. पाणबुड्या १० मीटर खाली गेला की त्याच्यावरचा दाब दुप्पट होतो आणि रबरातले बुडबुडे आकसतात. पोशाख पातळ होतो, ऊब घटते. म्हणून त्याला मुळातच ७ मिलिमीटरसारखे जाड रबर परवडते, किंबहुना लागतेच. शिवाय तो हात फारसे हलवत नाही. त्याला पुढे नेतात ते पायातले कल्ले. सर्फिंग करणारा पृष्ठभागावरच असतो, त्याची जाडी पूर्ण शाबूत राहते. मात्र तो तासाला शेकडो वेळा खांद्यातून हात फिरवतो. शिवाय त्याचा अर्धा वेळ पाण्याबाहेर, ओल्या अंगाने वाऱ्यात जातो. म्हणून छाती-पाठीवर पुष्कळदा कापडाचे अस्तर नसलेले गुळगुळीत रबर ठेवतात. त्यावर पाणी साचत नाही आणि बाष्पीभवनाने येणारा गारवा कमी होतो. आरंभीच्या काळात सर्फिंग करणारे पाणबुड्यांचीच जाकिटे घालत. त्या जाकिटांना मागून पुढे घेऊन अडकवायची एक रुंद शेपटी असे, आणि किनाऱ्यावर ती मोकळी सोडून फिरणारी तरुण मंडळी हे साठच्या दशकातले ठरलेले दृश्य होते.

आता थोडे गणित. आवडत नसेल तरी वाचा, सगळी मेख इथेच आहे. उष्णतेला होणारा अडथळा जाडीच्या सरळ प्रमाणात वाढतो. ३ वरून ४ मिलिमीटर केले तर अडथळा एक तृतीयांशाने वाढला. ५ वरून ६ केले तर एक पंचमांशानेच. प्रत्येक पुढचा मिलिमीटर आधीच्यापेक्षा कमी लाभ देतो. याउलट रबराची चादर वाकवायला लागणारा जोर जाडीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो : ३ वरून ४ म्हणजे २७ वरून ६४, दुपटीहून अधिक. प्रत्येक सांध्यावर, प्रत्येक हालचालीला हा कर भरावा लागतो. खांदे थकले की माणूस मंदावतो, मंदावला की लाटा चुकतात, आणि नुसते बसून राहिल्याने तो जाड पोशाखातही गारठतो. म्हणून तोडगा निघाला तो असा : धडाला जाड, कारण तिथे हृदय-फुप्फुसे आहेत आणि वाकणे कमी; हातांना पातळ. ४/३ हा तहनामा आहे आणि दोन्ही पक्ष त्यावर थोडे नाराज आहेत.

हा तह टिकायला शिवणाची सुधारणा व्हावी लागली. सुरुवातीचे उघडे निओप्रीन अंगाला इतके चिकटे की आत भुकटी चोळल्याशिवाय ते चढत नसे, आणि ओढाताणीत फाटे. नायलॉनचे अस्तर चिकटवल्यावर ते चढू लागले. शिवणीचा प्रश्न त्याहून अवघड. सुई आरपार गेली की तितकी भोके, आणि त्यांतून पाण्याची गळती. यावर उपाय निघाला तो वाकड्या सुईचा : कडा आधी गोंदाने जोडायच्या, मग सुई रबराच्या निम्म्या जाडीतच फिरवून वर आणायची. टाका आरपार जातच नाही. आजही थंड पाण्याचा पोशाख घेताना मिलिमीटरच्या आधी शिवण पाहावी, ती याचसाठी. पुढे अधिक ताणली जाणारी रबरे आली आणि पूर्वीच्या ३ मिलिमीटरइतकी मोकळीक ४ मिलिमीटरमध्ये मिळू लागली.

आज निवड साधारण अशी केली जाते. पाणी १४ ते १८ अंश असेल तर ३/२. ११ ते १४ असेल तर ४/३ आणि पायात बूट. ८ ते ११ असेल तर ५/४, जोडीला टोपी व हातमोजे. त्याखाली ६/५ किंवा ६/५/४, टोपी पोशाखालाच जोडलेली. कंपनीगणिक एखाद्या अंशाचा फरक पडतो. वारा जोराचा असेल, अंग सडपातळ असेल किंवा दोन-तीन तास थांबायचे असेल तर एक पायरी वर जावे. पण धडावर आणखी एक मिलिमीटर चढवण्याआधी टोपी, मोजे आणि बूट घ्यावेत. डोके आणि बोटे झाकण्यासाठी खांद्यांना कसलाच कर भरावा लागत नाही.

या आकड्यांनी सर्फिंगचा नकाशा बदलला. नॉर्वेच्या लोफोटेन बेटांवर, उत्तर ध्रुववृत्ताच्याही वर, उन्स्टाड नावाची खाडी आहे. १९६३ मध्ये दोन स्थानिक तरुणांनी सिडनीत पाहिलेला खेळ तिथे करून पाहिला. आज तिथे हिवाळ्यात बर्फाच्छादित डोंगरांखाली लोक रांगेने लाटांची वाट पाहतात. स्कॉटलंडचे थर्सो, कॅनडाचे टोफिनो, आइसलंड, जपानचे होक्काइदो ही सारी नावे वेटसूटशिवाय या खेळाच्या इतिहासात आली नसती.

आता लुईझियाना. मिसिसिपी नदीकाठी सेंट जॉन द बॅप्टिस्ट परगण्यात रिझर्व्ह नावाचे गाव आहे. त्याच्या लगत १९६९ पासून निओप्रीन तयार होत होते. आधी ड्यूपाँकडून, २०१५ अखेरपासून डेन्का या जपानी कंपनीच्या मालकीखाली. निओप्रीन ज्यापासून बनते त्या क्लोरोप्रीन वायूला अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने २०१० मध्ये ‘मानवात कर्करोगकारक असण्याची शक्यता’ असलेला पदार्थ ठरवले. डिसेंबर २०१५ मध्ये संस्थेने प्रसिद्ध केलेल्या मूल्यमापनात हवेतील विषारी द्रव्यांमुळे होणाऱ्या कर्करोगाचा देशातील सर्वाधिक धोका या कारखान्याभोवतीच्या वस्तीत दिसला. ही वस्ती बहुतांशी कृष्णवर्णीयांची, आणि कारखान्यापासून काही शे मीटरवर तेव्हा प्राथमिक शाळा होती. २०२३ मध्ये संघीय सरकारने खटला भरला, मार्च २०२५ मध्ये तो मागे घेतला. कंपनीने धोक्याचे हे मूल्यमापन सतत नाकारले, आणि मे २०२५ मध्ये खर्च व घटती मागणी यांचे कारण देऊन तेथील उत्पादन बेमुदत थांबवल्याचे जाहीर केले.

न्याय्य बोलायचे तर निओप्रीनचा फार मोठा वाटा गाड्यांचे पट्टे, नळ्या, हातमोजे यांत जातो. वेटसूट हा त्यातला लहान भाग. आणि ‘चुनखडीपासून बनवलेले’ म्हणून विकले जाणारे निओप्रीन कच्च्या मालापुरतेच वेगळे असते. वाटेत क्लोरोप्रीन तिथेही तयार होतेच. खरा पर्याय झाडाच्या चिकापासून काढलेल्या रबराचा आहे. पॅटागोनिया या कंपनीने २०१६ मध्ये आपले पोशाख जवळजवळ पूर्णपणे त्यावर आणले, आणि मग इतर काही कंपन्याही त्या वाटेने गेल्या. या नव्या रबरातही वायूचे तेच बुडबुडे असतात, आणि पोशाखावर छापलेले असते तेच : ३/२, ४/३, ५/४.